जाड स्टेक ग्रिलवर: कडक आच आधी की शेवटी?

चकमक
दोन-अडीच सेंटिमीटरच्या स्टेकसाठी हा धागा काढलेला नाही. तसा स्टेक तापलेल्या जाळीवर टाकला, चार-पाच वेळा उलटला की झाला. खरी परीक्षा चार सेंटिमीटरच्या पुढे सुरू होते. रिबआय, स्ट्रिपलॉइन, पोर्टरहाउस, लांब हाडाचा टोमाहॉक, बीफचा कोणताही काप घ्या. सुरुवातीपासून नुसत्या कडक आचेवर ठेवला तर बाहेरचा थर राखाडी आणि कोरडा होतो, मध्य मात्र थंडच राहतो.

माझं मत आता पक्कं झालंय. जाड स्टेकला आधी मंद आच द्यावी, कडक आच शेवटी. निखारे ग्रिलच्या एका बाजूला लोटायचे, स्टेक दुसऱ्या बाजूला ठेवायचा, झाकण लावायचं. आतली हवा ११० ते १२० अंश सेल्सिअस राखायची. मध्यभाग ४८-५० अंशांवर आला की स्टेक उचलायचा, निखारे फुलवायचे आणि मग दोन्ही बाजूंनी मिनिट-मिनिटभर खरपूस भाजायचा. मिडियम रेअर हवा असेल तर आतून सगळीकडे एकसारखा गुलाबी निघतो.

पण कित्येक अनुभवी मंडळी नेमकं उलट करतात: आधी भाजतात आणि मग बाजूला सरकवतात. त्यांची कारणं वाचायला आवडतील.

शिवाय एक व्यवहारातला प्रश्न. रविवारी सहा जण जेवायला आहेत. स्टेक पाच सेंटिमीटरचे. दोघांना मिडियम रेअर हवा, तिघांना मिडियम (त्याहून थोडा जास्त शिजलेला), एकाला पूर्ण शिजलेला. सगळ्यांच्या ताटात एकाच वेळी गरम पडायला हवा. क्रम कसा लावाल?

ओवी
वाचतेय. आमच्याकडेही जाड स्टेक म्हटलं की प्रत्येकाला वेगळा हवा असतो.

लोहारकाका
मी आधी भाजणाऱ्यांपैकी. कारण साधं आहे, कोळसा. निखारे पेटून वर राखेचा पातळ पांढरा थर धरला की त्यांची धग सगळ्यात जास्त असते. तेव्हाच ती वापरून घ्यावी. तुमच्या पद्धतीत पाऊण-एक तास मंद आचेवर जातो, तोवर निखारे बसतात. मग नवा कोळसा घाला, तो पेटायची वाट बघा, तेवढ्यात स्टेक थंड होतो आणि पाहुणे जाळीभोवती गोळा होतात.

दुसरं कारण. शेवटचा टप्पा मंद आचेवर असला की चूक व्हायला वाव कमी. मध्य ५२ वरून ५३ वर जायला दोन-तीन मिनिटं मिळतात. कडक आचेवर एका मिनिटात खेळ बिघडतो. शेवटी घाई नको, हे माझं तत्त्व.

ओवी
काका, आधी भाजलं की आतला रस कोंडून राहतो असंही म्हणतात ना?

सांजवेळ
ओवी, तो समज फार जुना आहे. १९व्या शतकात युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ही कल्पना मांडली आणि ती स्वयंपाकघरात घट्ट बसली. भाजलेला थर पाणी अडवत नाही. भाजून ठेवलेल्या स्टेकखाली ताटलीत रस साचतो आणि जाळीवर शेवटपर्यंत चरचर ऐकू येते, ती बाहेर पडणाऱ्या पाण्याचीच. रस किती उरतो हे मुख्यतः आतलं तापमान कुठवर गेलं यावर ठरतं. ६५ अंशांच्या आसपास स्नायूतली प्रथिनं इतकी आकसतात की पाणी पिळून निघतं.

भाजायचं ते चवीसाठी. मांसातली अमिनो आम्लं आणि साखरा यांच्यात १४० अंशांच्या पुढे झपाट्याने जी अभिक्रिया होते, तिला मायार अभिक्रिया म्हणतात. लुई-कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं. तपकिरी रंग, तो वास, ती चव, सगळं तिथून येतं.

आणि इथेच मी चकमक यांच्या बाजूची आहे. पृष्ठभाग ओला असेल तोवर त्याचं तापमान १०० अंशांच्या वर फारसं चढत नाही. एक ग्रॅम पाणी शून्य अंशापासून उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या पाचपटीहून जास्त उष्णता त्याची वाफ करायला लागते. ओला स्टेक निखाऱ्यांवर ठेवला की पहिली धग सगळी वाफ करण्यात खर्च होते आणि तेवढ्या वेळात आतला थर फुकट शिजतो. मंद आचेवर तासभर राहिलेल्या स्टेकचा पृष्ठभाग आधीच सुकलेला असतो. म्हणून त्याला मिनिटभरात रंग चढतो.

धुरांडं
सांजवेळ यांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा. +१

आडवाट
लोहारकाकांच्या कोळशाच्या मुद्द्यावर उपाय आहे. कोळसा पेटवायची चिमणी मिळते, पत्र्याचं उभं नळकांडं. स्टेकचा मध्य ४० अंशांवर आला की चिमणीत नवा कोळसा पेटवायचा. स्टेक ५० वर येईतो ते निखारे तयार. ओतले की लगेच भाजायला सुरुवात.

गॅसच्या ग्रिलवर तर प्रश्नच नाही. एक बर्नर चालू, बाकीचे बंद, स्टेक बंद बर्नरवर. शेवटी सगळे बर्नर मोठे करून झाकण लावायचं आणि जाळी दहा मिनिटं तापू द्यायची. मात्र सगळ्याच गॅस ग्रिलांची धग भाजण्याला पुरत नाही. तिथे जाडजूड बिडाचा तवा जाळीवर तापत ठेवावा. अख्ख्या पृष्ठभागाला एकसारखा रंग येतो.

गिरकी
मिठाचं कोणीच बोललं नाही! जाड स्टेकचा अर्धा निकाल मिठावर लागतो असं माझं मत आहे. आदल्या रात्री सगळीकडून मीठ चोळून, जाळीवर ठेवून, फ्रिजमध्ये उघडाच ठेवायचा. किलोला दहा-बारा ग्रॅम मीठ पुरतं. मीठ आधी पाणी बाहेर ओढतं, ते पाणी मिठासकट परत आत मुरतं आणि पृष्ठभाग कोरडाठाक होतो. म्हणजे सांजवेळ म्हणतात ते सुकवण्याचं काम फ्रिजच करतो.

लोहारकाका
गिरकी, मी मीठ जाळीवर टाकायच्या क्षणी लावतो आणि माझा स्टेक कधी फिका लागलेला नाही.

गिरकी
काका, तेही चालतंच, पाणी सुटायला वेळच मिळत नाही म्हणून. वाईट काळ मधला आहे. मीठ लावून दहा-पंधरा मिनिटांनी स्टेक ओलाचिंब असतो, तेव्हा भाजायला घेऊ नये. एक तर लगेच, नाहीतर किमान पाऊण तासाने. पण पाच सेंटिमीटरच्या स्टेकवर वरून लावलेलं मीठ मध्यापर्यंत पोचत नाही, आतला घास अळणी लागतो. रात्रभर ठेवला तर ते बरंच आत उतरतं. म्हणून जाड स्टेकला माझा आग्रह रात्रभराचा.

ओवी
आणि मिरी?

गिरकी
मिरपूड भाजून झाल्यावर. निखाऱ्यांवर ती जळते आणि कडवट लागते.

भौतिकप्रेमी
उशिरा येतोय. एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पाच सेंटिमीटर हा आकडा तिच्यामुळेच वेगळा आहे. उष्णता मांसात आत शिरते ती वहनाने, आणि त्याला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट झाली की वेळ साधारण चौपट. अडीच सेंटिमीटरच्या स्टेकला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ देऊन पाच सेंटिमीटरचा तयार होईल, हा हिशेब चुकीचा आहे. लोक घड्याळ लावून बसतात आणि फसतात ते इथेच.

म्हणून घड्याळ ठेवा बाजूला. टोकदार, झटपट आकडा दाखवणारं थर्मामीटर घ्या. स्टेकच्या कडेतून आडवं खुपसा, टोक बरोब्बर मध्यात, हाडापासून दूर. वरून खुपसलं तर टोक मध्यात आहे की नाही ते कळत नाही. थोडं पुढे-मागे करून सगळ्यात कमी आकडा दिसेल तो खरा. थर्मामीटर खरं बोलतंय का, हे कुस्करलेल्या बर्फाच्या पाण्यात बुडवून बघा, शून्य दिसलं पाहिजे.

माझे आकडे असे: रेअर ५० च्या आसपास, मिडियम रेअर ५४ ते ५७, मिडियम ६० पर्यंत, पूर्ण शिजलेला ७० च्या पुढे. हे सगळे खाण्याच्या वेळचे. उतरवताना याच्या अलीकडेच उतरवायचं, कारण बाहेरची उष्णता नंतरही आत सरकत राहते. मंद आचेवरून उतरवलेला दोन-तीन अंश चढतो, सगळा वेळ कडक आचेवर असलेला पाच किंवा त्याहूनही जास्त.

धुरांडं
झाकणावरच्या काट्यावर विसंबू नका, हे यात जोडतो. तो काटा घुमटाच्या वरची हवा मोजतो. स्टेक खाली जाळीवर असतो. दोहोंत वीस-तीस अंशांचा फरक सहज पडतो.

मंजिरी_
बोटाने दाबून बघायची पद्धत कोणी वापरत नाही का? तळहाताच्या मांसाशी तुलना करतात ती.

भौतिकप्रेमी
मंजिरी, पातळ स्टेकवर सरावाने जमते. जाड स्टेकमध्ये बोटाला बाहेरचा थर जाणवतो, मध्य जाणवत नाही. चरबीचा रिबआय आणि बिनचरबीचा टेंडरलॉइन एकाच तापमानाला वेगवेगळे मऊ लागतात. खर्च करून आणलेला एवढा मोठा तुकडा अंदाजावर सोडू नये.

मंजिरी_
पटलं. अजून एक. भाजायच्या आधी तासभर फ्रिजबाहेर ठेवावा असं सगळीकडे वाचलंय.

सांजवेळ
पाच सेंटिमीटरच्या तुकड्यात तासाभरात मध्याचं तापमान फार थोडं वाढतं. तेवढ्यासाठी मांस बाहेर ठेवण्यात अर्थ नाही. मंद आचेची पद्धत असेल तर फ्रिजमधून थेट जाळीवर.

धुरांडं
याचा आणखी एक फायदा. थंड, किंचित दमट पृष्ठभागाला धूर जास्त चिकटतो. धुराची चव हवी असेल तर ती पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांतच पकडावी. निखाऱ्यांवर ओक किंवा हिकरीच्या कोरड्या लाकडाचा एखादा तुकडा ठेवा. भिजवलेला ठेवू नका, आधी नुसती वाफ निघते आणि निखारे थंडावतात. पाइनसारखं राळेचं लाकूड अजिबात नको. धूर दाट पांढरा असेल तर हवेची झडप उघडा. पातळ निळसर झाला की मग स्टेक ठेवा.

अवांतर: हे झाकणवालं गोल ग्रिल आलं कुठून, तर १९५२ मध्ये जॉर्ज स्टीफन यांनी समुद्रात तरंगणाऱ्या धातूच्या बोयाचे भाग घेऊन पहिलं बनवलं. ते काम करत होते त्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये असे बोये बनत. वारा आणि उडती राख यांना ते वैतागले होते. झाकण आलं आणि उघड्या शेगडीची भट्टी झाली. जाड स्टेक परसात नीट शिजू लागला तो त्या झाकणामुळे, असं मी मानतो. अवांतर समाप्त.

आडवाट
सुंदर अवांतर! झाकणाचा नियम मग असा: मंद टप्प्यात बंद, भाजताना उघडं. भाजताना समोरून हलायचं नाही आणि चिमटा हातातून सोडायचा नाही.

ओवी
चरबी निखाऱ्यांवर गळून भडका उडतो त्याचं काय करता? पाणी शिंपडायचं?

लोहारकाका
पाणी मुळीच नाही. राख उडून स्टेकवर बसते आणि वाफेने हात भाजतो. भडका उडाला की स्टेक उचलून थंड बाजूला न्यायचा, भडका आपोआप बसतो. म्हणून मी नेहमी सांगतो, अख्ख्या ग्रिलभर निखारे पसरू नका. अर्धी जाळी मोकळी हवीच. आधी भाजा की शेवटी, यावर तरी आपलं सगळ्यांचं एकमत असावं.

सांजवेळ
काका, शंभर टक्के. आरोग्यासाठीही तेच बरं. चरबी जळून उठलेल्या धुरातून आणि फार तापून काळ्या झालेल्या मांसात शरीराला अपायकारक रसायनं तयार होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये लाल मांसाला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं. खाणं बंद करा असं मी म्हणत नाही, पण खरपूस आणि करपलेला यात फरक ठेवा. भाजताना दर वीस-तीस सेकंदांनी उलटत राहिलं तर थर काळा पडत नाही आणि आतही सारखी आच जाते.

लोहारकाका
सतत उलटायचं? आम्ही तर एकदाच उलटावा असं शिकलो.

सांजवेळ
एकदाच उलटला तर जाळीचे पट्टे ठळक उमटतात, एवढंच. पण पट्ट्यांमधली जागा फिकीच राहते. मला सगळा पृष्ठभाग तपकिरी आवडतो.

लोहारकाका
करून बघतो. पटण्यासारखं आहे.

मंजिरी_
आत गुलाबी ठेवणं सुरक्षित आहे ना? घरात वयस्क माणसं आहेत. आणि ताटलीत येतं ते रक्त बघून ती खातच नाहीत.

भौतिकप्रेमी
ते रक्त नव्हे, स्नायूतलं पाणी आणि मायोग्लोबिन, म्हणजे मांसाला लाल रंग देणारं प्रथिन. ६० अंशांच्या आसपास मायोग्लोबिनचा रंग बदलू लागतो, म्हणून मिडियमच्या पुढे गुलाबी कमी होत जातो.

सुरक्षिततेबद्दल: अखंड तुकड्यात जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात आणि भाजताना मरतात. तरी अमेरिकेच्या कृषी खात्याची शिफारस अखंड तुकड्याला ६३ अंश आणि नंतर तीन मिनिटं विसावा अशी आहे. वयस्क माणसं, गरोदर स्त्रिया, लहान मुलं, आजारी माणसं यांच्यासाठी मी तोच आकडा पाळतो, तिथे तडजोड करत नाही. मांस सुयांनी किंवा पात्यांनी टोचून मऊ केलेलं असेल तर जंतू आत गेलेले असू शकतात, तेव्हाही तोच नियम. खिम्याच्या पॅटीला ७१ अंश लागतात, तिथे स्टेकचे आकडे लावू नयेत.

आडवाट
सुरक्षिततेवरून आणखी एक. पाऊस आला म्हणून कोळशाचं ग्रिल गॅरेजमध्ये किंवा छपराखाली बंदिस्त जागेत ओढू नका. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो. दार उघडं ठेवलंय म्हणून चालेल, असं होत नाही. विझत आलेले निखारेही बाहेरच ठेवा.

गिरकी
आणि तारेच्या ब्रशने जाळी घासत असाल तर नंतर ओल्या फडक्याने पुसून घ्या. तुटलेली तार स्टेकला चिकटून पोटात गेल्याची उदाहरणं आहेत.

निशिगंध
सगळा धागा वाचला. फार मोलाची माहिती जमली आहे, पण चकमक यांच्या रविवारचं काय? सहा माणसं, तीन तऱ्हा. त्याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

चकमक
निशिगंध, आठवण ठेवल्याबद्दल आभार! मी तोच विचार करतोय.

निशिगंध
मग मी सुरुवात करते. पहिली गोष्ट, सहा जाड स्टेक लावूच नका. हाडासकटचा पाच सेंटिमीटरचा रिबआय सहज पाऊण किलोच्या पुढे जातो, तो दोघांना पुरतो. नाहीतरी अर्धी जाळी मोकळी ठेवायची असेल तर सहा मावणारही नाहीत. तीन जाड स्टेक घ्या: एक मिडियम रेअरवाल्यांचा, दोन मिडियमवाल्यांचे. कापूनच वाढा, स्नायूंच्या धाग्यांच्या आडवे काप.

मिडियमचे दोन निखाऱ्यांच्या जवळ ठेवा, मिडियम रेअरचा लांब आणि पंधरा मिनिटं उशिरा. मिडियमचे ५५ वर उतरवा, दुसरा ४९ वर. कोणी आधी तयार झाला तर खुशाल बाहेर काढून फॉइलखाली सैल झाकून ठेवा. शेवटची भाजणी बाकी आहे, ती त्याला पुन्हा गरम करते. मंद आच आधी, या पद्धतीचं मला सगळ्यात आवडणारं बळ हेच. तीन वेगवेगळ्या वेळी तयार झालेले स्टेक एकत्र भाजून एकत्र ताटात जातात. आधी भाजण्याच्या पद्धतीत जो तयार झाला तो लगेच वाढावा लागतो, नाहीतर वरचा थर मऊ पडतो.

लोहारकाका
हा मुद्दा मी मान्य करतो. दोन माणसांसाठी एकच स्टेक असेल तर मी आधीच भाजेन. सहा जणांसाठी तीन तऱ्हांचे असतील तर निशिगंध यांचं बरोबर.

चकमक
आणि पूर्ण शिजलेला? तो पाच सेंटिमीटरचा ७० अंशांवर न्यायचा तर दीड तास आधी चढवावा लागेल आणि कोरडाही होईल.

भौतिकप्रेमी
त्यांना पाच सेंटिमीटरचा देऊच नका. अडीचचा कापून घ्या. जाडी निम्मी म्हणजे वेळ चौथाई. बाकीचे मंद आचेवरून उतरले आणि नवा कोळसा फुलतोय, तेवढ्यात तो मध्यम धगीवर, सतत उलटत, दहा-बारा मिनिटांत पूर्ण शिजतो. रिबआयचाच घ्या, टेंडरलॉइनचा नको. पूर्ण शिजलेल्यात पाणी कमी उरतं, तिथे चरबी घासाला ओलावा देते.

गिरकी
त्या पातळ तुकड्यालाही रात्रभर मीठ लावून ठेवा. मीठ धरलेलं मांस शिजताना पाणी कमी सोडतं. वरून लसूण-पार्स्ली घातलेल्या लोण्याचा गोळा. त्यांचंही ताट बाकीच्यांइतकंच मानाचं हवं.

चकमक
ठरलं तर. शनिवारी रात्री चारही तुकड्यांना मीठ. रविवारी जेवणाच्या सव्वा तास आधी मिडियमचे दोन, पंधरा मिनिटांनी तिसरा. मध्य ४० ला आला की चिमणी पेटवायची. पातळ तुकडा शेवटच्या पंधरा मिनिटांत. मग झाकण उघडं आणि तिघांची भाजणी एकापाठोपाठ. शेवटी भाजला तर विसावा द्यावा लागतो का, की लगेच कापला तरी चालतो?

सांजवेळ
लगेच कापा. मंद आचेमुळे आत-बाहेर तापमानाचा फरक थोडा असतो, त्यामुळे विसाव्याची गरज फारशी उरत नाही, आणि वरचा खरपूसपणा पहिल्या काही मिनिटांतच सगळ्यात चांगला असतो.

लोहारकाका
चिमणी दोन वेळा भरेल इतका कोळसा हाताशी ठेवा. आणि ताटं आधीच कोमट करून घ्या, जाड स्टेकचे काप थंड ताटात झपाट्याने निवतात.